मावशीने आणलेला घोडा

'माय मरो पण मावशी जगो' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मावशीपणाचा हा मान मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच मिळाला. ताईला मुलगा झाला आणि घरात सर्वांत धाकटी असलेली मी एका दिवसात वडीलधाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. आता रांगेत बसायचे म्हणजे वडीलधाऱ्यासारखे वागणे आले, देणेघेणे आले. ह्या देण्याघेण्यातूनच पुढचे सारे रामायण घडले.

बाळाचा पहिला वाढदिवस आणि आमची दिवाळीची सुटी यांची गाठ पडली. ताई किनवटहून आदिलाबादला माहेरी आली होती. आत्याने चांदीचे वाळे आणले होते, काकांनी बॅटरीवर पळणारी मोटार आणली होती. मी ठरवले की आपण आपल्या जिल्ह्यातलीच वस्तू द्यायची आणि ती निर्मलचीच असायची. 'आपल्या जिल्ह्यातली' असे मी सवयीने म्हणते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि निर्मल स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण होऊन बसले. पण आमच्या घरात निर्मलची खेळणी अजून आपलीच आहेत. आमच्या कोनाड्यातली लाकडाची सीताफळे आणि आंबे इतके हुबेहूब आहेत की नवा पाहुणा एकदा तरी हात लावून फसतोच.

आदिलाबादहून निर्मल सुमारे ऐंशी किलोमीटर. गुडीहतनूर, इचोडा, नेरडीगोंडा मागे टाकून गाडी महबूब घाट उतरते आणि निर्मल येते. मी एकटी गेले, तासभर दुकानात घासाघीस केली आणि २८० रुपयांना एक घोडा घेऊन आले. अंग लालभडक, खोगीर पिवळेजर्द, आयाळ काळी, डोळे असे की आता बोलेल. वाढदिवसाच्या संध्याकाळी बाळाने चांदीचे वाळे बाजूला सारले, मोटारीला घाबरून रडले आणि माझा घोडा छातीशी धरला. मावशीची छाती त्या दिवशी किती फुगली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

बाळाला तेव्हा दात येत होते. त्या वयात मुलाला जग कळते ते तोंडानेच. चमचा, किल्ली, आजीच्या लुगड्याचा पदर, सारे आधी तोंडात जायचे आणि मग त्याचा विचार व्हायचा. घोडाही गेला. पंधरा दिवसांनी मी कॉलेजला परत निघण्याची तयारी करीत होते. पसारा आवरताना घोडा हातात आला आणि मी जागीच थबकले. घोड्याच्या उजव्या कानाचा रंग पूर्ण गेला होता. शेपटीच्या टोकाला पांढरे लाकूड दिसत होते. खोगिराच्या काठावर दोन बारीक दातांच्या खुणा होत्या आणि तिथला पिवळा रंग नाहीसा झाला होता.

रंग गेला, पण कुठे गेला? जमीन मी रोज झाडत होते. जमिनीवर तर तो पडला नव्हता.

एखाद्या वर्षापूर्वी हे मी पाहिले असते तर हसून सोडून दिले असते. पण त्याच सत्रात व्यावसायिक कायद्याच्या तासाला आमच्या सरांनी वस्तूंच्या प्रमाणीकरणाचा पाठ घेतला होता. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हावाचून खेळणी विकता येत नाहीत, असे त्यांनी सांगितले होते. परीक्षेत येईल म्हणून मी ते वहीत दोनदा अधोरेखित केले होते. मी घोडा उलटा केला. पोटाखाली पाहिले, चारही खुरांखाली पाहिले. चिन्ह कुठेच नव्हते.

"ताई, घोडा देऊ नको त्याला," मी म्हणाले.

"काहून? तूच तर आणला," ताई म्हणाली.

मी रंगाचे आणि शिशाचे सांगू लागले. ऐकता ऐकता ताईचा चेहरा उतरला. पण आजी मात्र ऐकणारी नव्हती. "आमच्या काळात काय रंग नव्हते बाप्पा? पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होतो. मारुतीला दर शनिवारी शेंदूर चढवत होतो आन् त्याच हातानं लेकरांना भाकर देत होतो. तुमचा बाप मेला का त्यानं?"

आजीपुढे बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही. पण तिने नकळत माझीच बाजू मांडली होती. कारण शेंदूर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून शिशाचेच तांबडे भस्म होय. शिसे भाजून ते करतात. आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग. शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो असे आपण म्हणतो. तो देव दगडाचा असतो म्हणूनच त्याला काही होत नाही. लेकराचे तसे नाही.

शिशाचा गुण असा की शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते. वाढत्या हाडामेंदूला कॅल्शियमची भूक असते, म्हणून मुलाचे शरीर शिशाला आत घेते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट वाटा लहान मूल शोषून घेऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाडांत ते वर्षानुवर्षे राहते. मेंदूवरचा त्याचा परिणाम तापासारखा दिसत नाही. मूल खेळते, जेवते, हसते. पुढे शाळेत त्याचे लक्ष लागत नाही, आकडेमोड जमत नाही, आणि मास्तर म्हणतात पोरगा ढ आहे. अमुक इतके शिसे चालेल असा निर्धोक आकडा वैद्यकशास्त्राला आजवर सापडलेला नाही. म्हणूनच आजीच्या 'बाप मेला का' ह्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. शिसे सहसा मारीत नाही. ते मुलातून थोडे काढून घेते, आणि काय काढून घेतले ते कुणाला कधी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मला वेड्यात काढले नाही हे त्यांचे उपकार. शिरेतून रक्त घ्यावे लागले. एवढ्याशा हाताची शीर सापडेना. ताईने तोंड फिरवले, भाऊजींनी बाळाचे पाय धरले आणि हात धरायचे काम माझ्याकडे आले. बाळ माझ्याकडे पाहत रडत होते. ज्या मावशीने घोडा दिला तीच आता हात सोडत नाही, असे त्या डोळ्यांत मला दिसले. ते खरे असो वा माझ्या मनाचे खेळ असोत, मी ते विसरलेले नाही.

नमुना हैदराबादला गेला. अहवाल यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी कॉलेजला गेले नाही. ताई माझ्याशी वाकडे एक अक्षर बोलली नाही आणि तेच फार जड गेले. अहवाल आला तेव्हा त्यावर ३.१ असा आकडा होता. एक डेसिलिटर रक्तात ३.१ मायक्रोग्रॅम शिसे. पाच मायक्रोग्रॅमला पोचलेल्या मुलाच्या बाबतीत शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. अमेरिकेने त्याच वर्षी आपला इशाऱ्याचा आकडा ३.५ वर आणला. आमचे बाळ दोन्हींच्या खाली होते. डॉक्टर म्हणाले, "दूध द्या, लोह द्या, हात धुवा, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

आम्ही सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला आकडा दिसला की तो जमेचा की खर्चाचा हे विचारायची खोड असते. ३.१ म्हणजे शून्य नव्हे. हे ३.१ घोड्याचे, घराच्या जुन्या भिंतीचे, रस्त्यावरच्या धुळीचे की हळदीच्या पुडीचे, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगणार नव्हती. आणि दुसरा हिशेबही मला टोचत होता. घोडा २८० रुपयांचा आणि तपासणी १,८०० रुपयांची. जी तपासणी घोड्याची आधी व्हायला हवी होती ती लेकराची नंतर झाली, आणि तिचा खर्च भाऊजींच्या खिशातून गेला. विकत घेणाऱ्याने विकत घेतल्यावर मुलाचे रक्त तपासून वस्तूची परीक्षा करायची, ही कुठली बाजारपेठ?

परत आल्यावर मी वही उघडून तो धडा पुन्हा वाचला. ह्या वेळी परीक्षेसाठी नव्हे.

आपल्याकडे ह्या प्रश्नाची वाटचाल मोठी आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशातून २००० साली गेले. त्यामागे ज्यांच्या कामाचा मोठा वाटा होता त्यांत बंगळुरूचे डॉ. तुप्पिल वेंकटेश यांचे नाव घेतले जाते. मोठ्या शहरांतील मुलांच्या रक्ततपासणीच्या ज्या कामात ते होते, त्यात निम्म्याहून अधिक मुलांत दहा मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले होते. पुढे दिल्ली, मुंबई आणि चेन्नई येथील बाजारांतून घेतलेल्या १११ मऊ प्लॅस्टिकच्या खेळण्यांची तपासणी झाली आणि ती २००७ मध्ये 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पीव्हीसीच्या ७७ खेळण्यांत, कमी अधिक प्रमाणात का होईना, शिसे आणि कॅडमियम सापडले. २००९ मध्ये सरकारने चिनी खेळण्यांवर काही काळ बंदी घातली. २०२० साली युनिसेफच्या अहवालात अंदाज दिला गेला की जगात ८० कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतात आहेत. जगातल्या दर तीन शिसेबाधित मुलांमागे एक आपले.

त्याच २०२० सालच्या फेब्रुवारीत खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश निघाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी केलेली वस्तू म्हणजे खेळणे, अशी त्याची व्याख्या आहे. भारतीय मानक ९८७३ च्या तिसऱ्या भागात आठ धातुतत्त्वांची यादी आहे. एक किलो रंगातून किती मिलिग्रॅम सुटलेले चालेल ते त्यात ठरवून दिले आहे. शिसे ९०, कॅडमियम ७५, अँटिमनी, क्रोमियम आणि पारा प्रत्येकी ६०, आर्सेनिक २५, सेलेनियम ५०० आणि बेरियम १,०००. ही परीक्षा कशी करतात ते वाचून मला गंमत वाटली आणि अंगावर काटाही आला. खेळण्याचा रंग खरवडतात आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंश उष्णतेवर दोन तास ठेवतात, पैकी एक तास हलवीत आणि एक तास स्थिर. म्हणजे काचेच्या भांड्यात लहान मुलाचे पोट तयार करायचे आणि त्यात काय विरघळते ते पाहायचे. आमच्या घरी तीच परीक्षा काचेच्या भांड्यावाचून झाली होती.

कायदा मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या खेपेस किमान दोन लाख रुपये दंड आहे. मग माझा घोडा बिनचिन्हाचा उघड्या दुकानात कसा? मी मनातल्या मनात त्या दुकानदाराला कोर्टात उभेही केले होते. पण आदेशाच्या दुरुस्त्या वाचताना डिसेंबर २०२० ची दुरुस्ती सापडली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी करून विकलेल्या वस्तूंना, तसेच भौगोलिक संकेत म्हणून नोंद झालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकांना व अधिकृत वापरकर्त्यांना हा आदेश लागू नाही. निर्मलच्या खेळण्यांची तशी नोंद झालेली आहे. माझा घोडा कायदा चुकवून आला नव्हता. कायद्यानेच त्याला वाट करून दिली होती.

खरे सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया आनंदाची होती. परवाना, परीक्षणाची फी, दर नमुन्याचा वेगळा खर्च, हे कारखानदाराला परवडते. एका साच्यातून तो लाख नग काढतो आणि खर्च लाखांत वाटला जातो. निर्मलचा कारागीर आज घोडा करतो, उद्या पोपट, परवा सीताफळ. प्रत्येकाची परीक्षा करायची तर धंदा बंद करून तो दुसऱ्याच्या शेतावर जाईल. त्या आदेशाने आणि वाढवलेल्या आयात शुल्काने परदेशी खेळणी मागे हटली हेही खरे. २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलरची खेळणी आयात झाली होती, २०२१-२२ मध्ये ती सुमारे ११ कोटी डॉलरवर आली. देशी कारागिराला श्वास घ्यायला जागा मिळाली. मला आमच्या निर्मलचा अभिमान वाटला.

पण दुसऱ्या क्षणी प्रश्न पडला. सूट नेमकी कशाची? कागदपत्रांची की शिशाची? कारागीर गरीब आहे म्हणून बाळाचे पोट काही वेगळे होत नाही.

संक्रांतीच्या सुटीत मी पुन्हा निर्मलला गेले. ह्या वेळी दुकानात न जाता एका म्हाताऱ्या कारागिराच्या घरी गेले. घर म्हणजेच कारखाना. घरी मराठी आणि बाजारात तेलुगू अशी आम्हा आदिलाबादकरांची रीत असल्याने भाषेची अडचण नव्हती. मी त्यांना 'तात' म्हटले, त्यांनी मला 'बिड्डा' म्हटले, म्हणजे आजोबा आणि लेक असे नाते जुळून गेले.

त्यांनी मला सारे दाखवले. पोनिकी नावाच्या झाडाचे लाकूड इतके हलके की हातात घेतले तर पोकळ वाटावे. ते कोरायचे, वाळवायचे, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून सांधे जोडायचे, खाचा बुजवायच्या. वरून पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, घासून गुळगुळीत करायचे आणि मग रंग. पूर्वीच्या लोकांचे रंग झाडपाल्याचे आणि दगडमातीचे असत. आता डब्यातले असतात. निर्मलच्या चित्रांत आणि खेळण्यांत 'ड्युको' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. तो मूळचा मोटारीवर मारायच्या रंगाचा. चमक चांगली येते, लवकर वाळतो.

मी फळीवरचे डबे वाचू लागले. इथे आणखी एक कायदा सांगितला पाहिजे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांहून जास्त शिसे असता कामा नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तसे डब्यावर छापावेही लागते. एका डब्यावर ती ओळ होती. तो घराच्या दारेखिडक्यांना लावायचा रंग होता. शेजारच्या दोन डब्यांवर ती ओळ नव्हती. ते मोटारीच्या कामाचे रंग होते. नियम फक्त घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे. कारखान्यात आणि गाड्यांवर वापरायचे रंग त्यात येत नाहीत.

त्या दोन डब्यांत शिसे होते असे मी म्हणत नाही. ओळ नाही म्हणजे विष आहे असे नव्हे. पण रंगाला एका कायद्याने सोडले, खेळण्याला दुसऱ्या कायद्याने सोडले, आणि दोन्ही सुटी ह्या फळीपाशी येऊन मिळतात एवढे मला दिसले. प्रत्येक सुटीला आपापल्या जागी कारण आहे. मोटार कोणी चाटीत नाही म्हणून मोटारीचा रंग सुटला. कारागिराला खर्च झेपत नाही म्हणून खेळणे सुटले. मात्र मोटारीचा रंग घोड्यावर चढला की दोन्ही कारणे लंगडी पडतात.

मी तातांना बाळाची हकीगत सांगितली. चुकीचे काही केले असे सुचवायचे नव्हते, तरी त्यांचा चेहरा पडला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "बिड्डा, आमची खेळणी आता कुणी मुलांसाठी घेत नाही. लोक काचेच्या कपाटात ठेवायला घेतात, साहेबांना भेट द्यायला घेतात. आमचा घोडा कुणाच्या तोंडात गेला हे मी फार वर्षांनी ऐकतो आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "डब्यावर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नाही. मी दुकानदाराला लाल द्या म्हणतो, तो लाल देतो. लालमध्ये काय आहे ते ज्याने डबा भरला त्याला विचारायला पाहिजे. मला कशाला?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते बरोबर बोलत होते. त्यांच्या नखांत पिवळा रंग होता. त्याच बोटांनी त्यांनी पान लावले आणि तोंडात घातले. घासलेल्या भुशाच्या ढिगापाशी त्यांचा चारपाच वर्षांचा नातू बसला होता आणि रंग उडालेल्या एका हत्तीशी खेळत होता. मी आमच्या बाळाच्या १५ दिवसांची काळजी घेऊन आले होते. त्या घरात तर सारा जन्म त्या रंगात जात होता. उद्या परीक्षा झालीच तर तिचा पहिला लाभ ह्या घराला होईल, आमच्या घराला नंतर.

कॉलेजला परतल्यावर मी हे खोलीतल्या मैत्रिणीला सांगितले. ती पूर्वीच्या रामनगर जिल्ह्यातली, कानडी. ती लगेच म्हणाली, "म्हणूनच आमच्या चन्नपट्टणच्या बाहुल्या बऱ्या. आम्ही लाख वापरतो." चन्नपट्टणला कातावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी लावतात, घर्षणाने लाख वितळून लाकडाला बसते. रीत खरोखरच सुंदर आहे. पण लाखेत कालवलेला रंग कुठला, हे तिथेही डबाच सांगणार, आणि भौगोलिक संकेतामुळे तीही खेळणी त्याच सुटीत बसतात. 'नैसर्गिक' ह्या शब्दानेही आपण फसू नये. हिंगूळ खाणीतूनच निघतो, तरी तो पाऱ्याचाच. आमचे दोन दिवस भांडण झाले. शेवटी दोघींचे एवढ्यावर एकमत झाले की निर्मल काय आणि चन्नपट्टण काय, अभिमानाने रंगाची परीक्षा होत नाही.

मग करायचे तरी काय? ह्या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण मला फार उद्बोधक वाटले. २००७ साली तिथे शिशाच्या रंगामुळे लक्षावधी खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली आणि २००८ मध्ये कडक कायदा झाला. रंगातील शिशाची मर्यादा दहा लाखांत ६०० वरून ९० वर आली आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतील परीक्षा सक्तीची झाली. तेव्हा घरी बसून लाकडी खेळणी करणारे तिथले छोटे कारागीरही हवालदिल झाले. त्यांनी आरडाओरड केली आणि २०११ मध्ये कायदा दुरुस्त होऊन छोट्या उत्पादकांना बऱ्याच परीक्षांतून सूट मिळाली. परंतु काही गोष्टींत सूट नाही, आणि त्यांत पहिली गोष्ट म्हणजे रंगातले शिसे. कारागीर कितीही लहान असो, रंगाची परीक्षा झालीच पाहिजे. कागदाला सूट दिली, रंगाला नाही.

आपल्याकडेही हे अवघड नाही असे मला वाटते. प्रत्येक घोड्याची परीक्षा करण्याची गरज नाही. घोडे हजार असतील, पण रंगाचे डबे मोजकेच. निर्मलला कारागिरांची सहकारी संस्था १९५५ पासून आहे. तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा असे रंग संस्थेने एकत्र घाऊक घ्यावेत, प्रत्येक खेपेचा एक नमुना सरकारी खर्चाने तपासावा आणि तोच रंग कारागिरांना द्यावा. एका परीक्षेचा खर्च शेकडो खेळण्यांवर वाटला की नगामागे तो किती पडेल, हे आमच्या परिव्यय लेखाशास्त्राच्या वर्गातला कोणीही विद्यार्थी काढून दाखवील. मुलांच्या वस्तूंवर चढणारा कोणताही रंग, मग तो मोटारीचा असो की दाराचा, त्याच ९० च्या मर्यादेत आला पाहिजे, एवढी भर २०१६ च्या नियमात पडली तर दुकानदाराला नुसते 'लाल द्या' म्हणणाऱ्या तातांच्या हातात आपोआप निर्धोक लाल पडेल. त्यांना इंग्रजी वाचावे लागणार नाही.

कारागिराचे पोट आणि बाळाचे पोट यांपैकी एकच निवडा, असे कोणी म्हणाले तर ते खोटे आहे. तातांच्या घरी मी दोन्ही पोटे एकाच भुशाच्या ढिगाजवळ पाहिली आहेत.

सहा महिन्यांनी बाळाची पुन्हा तपासणी झाली. आकडा २.४ आला. हात धरायचे काम ह्या वेळीही माझ्याकडेच होते, पण बाळ कमी रडले. घोडा आता आमच्या कोनाड्यात लाकडी सीताफळांशेजारी उभा आहे. ताईने त्याला टाकू दिले नाही. माहेरी आली की बाळ त्याच्याकडे बोट दाखवते आणि 'घो' म्हणते, आणि आजी मला ऐकू येईल अशा बेताने पुटपुटते, "द्या बाप्पा लेकराचा घोडा." मी देत नाही. सारे तोंडात घालायचे वय सरले की मग उतरवू.

यंदा ताईला पुन्हा दिवस गेले आहेत. मी आणखी एकदा मावशी होणार. तातांना मी निरोप पाठवला आहे की दिवाळीला येते, एक घोडा ठेवा, पण रंग माझ्यासमोर द्या. ह्या वेळी आधी डबा वाचीन, मग घोडा घेईन.

— बी. कॉम., भाग २